ज्याची तक्रार, त्याच्याच हाती तिचा शेवट

कॉलेजचा कॉम्प्युटर विभाग असो, सहकारी बँकेचा आयटी कक्ष असो किंवा पंचवीस-तीस माणसांची सॉफ्टवेअर कंपनी असो, तक्रारींचं काम आता सगळीकडे तिकिटांवर चालतं. ग्राहक मेल पाठवतो किंवा पोर्टलवर फॉर्म भरतो, त्याला एक क्रमांक मिळतो, आणि काम कुठवर आलं ते त्या क्रमांकावरून कळतं. या व्यवस्थेत ग्राहकाला तिकीट उघडता येतं, त्यावर उत्तर देता येतं, स्क्रीनशॉट जोडता येतो. बऱ्याच ठिकाणी ते बंद मात्र करता येत नाही. कॅप्स लॉक चालू असल्यामुळे पासवर्ड चुकत होता हे त्याच्या ध्यानात आलं, मशीन बंद करून चालू केल्यावर प्रिंटर चालायला लागला, किंवा हवा असलेला अहवाल शेजारच्या सहकाऱ्याने काढून दिला, तरी तिकीट आपलं उघडंच. दोन दिवसांनी सपोर्टचा माणूस ते हाती घेतो, आधीचा पत्रव्यवहार वाचतो, फोन लावतो आणि समोरून ऐकतो, 'अहो, ते परवाच झालं की!' यात कुणाचाच हलगर्जीपणा नाही. प्रश्न संपला हे सांगायला ग्राहकाकडे बटणच नव्हतं.

ज्याने तिकीट उघडलं त्याला ते बंद करण्याची सोय मिळायलाच हवी, आणि त्यासाठी त्याच्या हाती आणखी कुठलाही अधिकार सोपवण्याची गरज नाही, हे या लेखाचं म्हणणं आहे. पहिलं अर्धं बहुतेकांना पटतं. अडतं ते दुसऱ्या अर्ध्यापाशी. सिस्टीम सांभाळणारा माणूस सेटिंग उघडून बघतो, तिकिटाचं स्टेटस बदलायला 'तिकिटात बदल करा' अशी घसघशीत परवानगी लागते असं त्याला दिसतं, आणि तो दोनपैकी एक चूक करतो. एक तर ती परवानगी सगळ्या ग्राहकांना देऊन टाकतो, नाही तर 'हे आपल्या सिस्टीममध्ये होत नाही' म्हणून विषय सोडून देतो. तिसरी वाट आहे, ती सोपी आहे, आणि जगातल्या मोठ्या तक्रार-यंत्रणा ती कित्येक वर्षं वापरत आल्या आहेत.

मुळात तिकीट बंद करण्याचा हक्क ग्राहकाकडे का असावा? तक्रार मिटली की नाही, हे त्याच्याइतकं खात्रीने दुसऱ्या कुणालाच ठाऊक नसतं. इंजिनिअरला सर्व्हर चालू झालेला दिसतो. त्या सर्व्हरवरून आपला पगारपत्रकाचा अहवाल निघाला का, हे फक्त लेखापालाला माहीत असतं. आयटी सेवांच्या व्यवस्थापनासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या आयटीआयएल या मार्गदर्शक चौकटीने म्हणूनच दोन अवस्था वेगळ्या ठेवल्या: आमच्या बाजूने उपाय झाला ती 'रिझॉल्व्ह्ड', आणि ग्राहकाची खात्री झाली ती 'क्लोज्ड'. बंद करण्याआधी ग्राहकाचं समाधान झालं का ते विचारा, असंच ती चौकट सांगते. म्हणजे शेवटचा शब्द त्याचा, हे तत्त्व म्हणून आधीच मान्य आहे. मग तो शब्द सपोर्टच्या माणसाने फोन करून विचारायचा आणि स्वतः टाइप करायचा, या द्राविडी प्राणायामाला अर्थ उरत नाही. शेवटचा शब्द ज्याचा आहे, तो त्यालाच थेट नोंदवू द्यावा.

ही सोय नसली की काय होतं ते कुठल्याही हेल्पडेस्कच्या यादीत दिसतं. ग्राहक आपल्या परीने प्रश्न संपल्याचं कळवतो, पण मेलमध्ये. 'झालं, धन्यवाद' असं तो लिहितो. सिस्टीमच्या दृष्टीने हा ग्राहकाकडून आलेला नवा मजकूर. तिकीट उघडं असेल तर ते 'उत्तर हवं' या गटात जाऊन बसतं. आधीच बंद झालं असेल तर कित्येक सिस्टीममध्ये त्या एका 'धन्यवाद'मुळे पुन्हा उघडतं, कारण बंद तिकिटावर ग्राहकाचं पत्र आलं की ते उघडायचं, असा नियम सुरुवातीपासूनच लावलेला असतो. नियम चांगल्यासाठीच आहे, पण आभार आणि तक्रार यांतला फरक त्याला कळत नाही. मग अशी पडून राहिलेली तिकिटं आवरायला आणखी एक नियम येतो: इतके दिवस उत्तर नाही आलं तर आपोआप बंद करा. यात ग्राहकाचं मौन म्हणजे संमती असं धरलं जातं. तो रजेवर असेल, मेल स्पॅममध्ये गेली असेल, कंटाळून त्याने नाद सोडला असेल. यादीत सगळ्यांवर 'सोडवलं' हाच शिक्का बसतो. ज्यांचं खरोखर समाधान झालं आणि ज्यांनी हात टेकले, ते एकाच आकड्यात मोजले जातात. ग्राहकाच्या हातात बटण असलं की निदान पहिला गट वेगळा ओळखता येतो.

आता अधिकारांचा प्रश्न. तो जवळून समजून घ्यायला रिक्वेस्ट ट्रॅकर, म्हणजे 'आरटी', ही तिकीट-प्रणाली उत्तम उदाहरण आहे. जेसी व्हिन्सेंट यांनी 1996 मध्ये सुरू केलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर विद्यापीठं, संशोधन संस्था आणि इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्यांमध्ये आजही वापरात आहे. आरटीमध्ये अधिकार व्यक्तीला देता येतात, गटाला देता येतात आणि भूमिकेलाही देता येतात. तिकीट ज्याच्या नावावर उघडलं तो 'रिक्वेस्टर', ही अशी एक भूमिका आहे. तिचं वैशिष्ट्य असं, की ती तिकिटागणिक ठरते: एकच माणूस स्वतःच्या तिकिटावर रिक्वेस्टर असतो आणि शेजारच्या तिकिटावर कुणीही नसतो. रिक्वेस्टरला तिकीट बघण्याचा आणि उत्तर देण्याचा हक्क सहसा दिलेला असतो. स्टेटस बदलायचं म्हटलं, की मूळ मांडणीत 'मॉडिफाय तिकीट' हा अधिकार लागतो. तो दिला की बंद करण्याबरोबर विषय, प्राधान्य, मुदत बदलण्याची मुभाही मिळते. दार ओढून घ्या म्हणून सांगावं आणि त्यासाठी घराच्या सगळ्या किल्ल्या हातात द्याव्यात, तसा हा प्रकार होतो. ग्राहकाच्या पानावर यातल्या बऱ्याच गोष्टींसाठी जागाच नसते, मग बिघडलं कुठे, असं काही जण म्हणतात. पण अधिकार पानावर नसतो, सर्व्हरवर असतो. पानावर बटण नसलं तरी एपीआयमधून तेच काम करता येतं, आणि उद्या पानाची रचना बदलली की दडलेली मुभा उघडी पडते.

आरटीने यावरचा उपाय 2011 मध्ये, चौथ्या आवृत्तीत 'लाइफसायकल' आणून उपलब्ध करून दिला. तिकिटाचा प्रवास कोणत्या अवस्थेतून कोणत्या अवस्थेत होऊ शकतो ते लाइफसायकलमध्ये लिहिता येतं, आणि त्या प्रत्येक टप्प्याला कोणता अधिकार लागेल तेही ठरवता येतं. 'कुठूनही सोडवलेल्याकडे' या टप्प्यापुढे 'रिझॉल्व्ह तिकीट' असा एक नवा, तेवढ्यापुरता अधिकार लिहावा आणि तो त्या तिकीट-रांगेतल्या ('क्यू'मधल्या) रिक्वेस्टर भूमिकेला द्यावा. बस्स. ग्राहकाला आता स्वतःचं तिकीट बंद करता येतं आणि इतर कशालाही हात लावता येत नाही. इथे एक बारकावा सांभाळायला हवा. आरटी नियम शोधताना आधी नेमका टप्पा पाहतं, मग 'कुठूनही या अवस्थेकडे', मग 'या अवस्थेतून कुठेही', आणि सरतेशेवटी 'कुठूनही कुठेही'. त्यामुळे नवा नियम लिहिल्याबरोबर त्या टप्प्यासाठी 'मॉडिफाय तिकीट' पुरेनासं होतं, आणि ज्या कर्मचाऱ्यांकडे तेवढंच आहे त्यांना दुसऱ्या दिवशी तिकीट बंद करताना 'परवानगी नाही' असा संदेश दिसू लागतो. म्हणून नवा अधिकार कर्मचाऱ्यांच्या गटालाही त्याच वेळी द्यावा.

आरटीमध्ये दुसरीही एक वाट आहे, आणि तीत ग्राहकाला एकही नवा अधिकार द्यावा लागत नाही. एखादी घटना घडली की आपोआप चालणारे छोटे नियम आरटीमध्ये लिहिता येतात. त्यांना 'स्क्रिप' म्हणतात. ग्राहकाने उत्तर देताना ठरलेली खूण केली, तर तिकीट सोडवलेल्या अवस्थेत न्यावं, असं स्क्रिप लिहिता येतं. स्क्रिप सिस्टीमच्या नावाने चालतं, त्यामुळे ग्राहकाच्या अधिकारांचा प्रश्नच येत नाही. मात्र इतिहासातही नाव सिस्टीमचंच लागतं. तिकीट कुणी बंद केलं असं उद्या कुणी विचारलं, तर नोंद म्हणते 'सिस्टीमने', आणि ग्राहकाची संमती शोधायला आधीचा मजकूर चाळावा लागतो. ही वाट धरलीच तर स्क्रिपने अवस्था बदलण्याबरोबर 'ग्राहकाच्या सूचनेवरून बंद' अशी स्पष्ट टीपही लिहावी. दोन्हींमध्ये पहिला मार्ग सरस, कारण त्यात नोंद आपोआप खऱ्या माणसाच्या नावावर पडते.

हा विचार आरटीपुरताच नाही. डेबियन या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमची दोष-नोंद यंत्रणा 1994 पासून चालू आहे आणि ती मेलवर चालते. दोषाच्या क्रमांकापुढे 'डन' लावलेल्या पत्त्यावर मेल पाठवली की ती नोंद बंद होते. लॉगिन नाही, परवानगी नाही. नोंद बंद करण्याचं काम सहसा दोघांनीच करावं, दोष कळवणाऱ्याने आणि ते पॅकेज सांभाळणाऱ्याने, एवढा संकेत डेबियनने लिहून ठेवला आहे. सगळं उघडं असूनही हे चालतं, कारण बंद करणाऱ्याची मेल दोष कळवणाऱ्याकडे जाते, सगळा इतिहास जाहीर असतो, आणि चुकून बंद झालेली नोंद एका मेलवर पुन्हा उघडते. बंद नोंद 28 दिवस शांत राहिली, तरच ती दप्तरी जमा होते. मोझिलाने 1998 मध्ये खुली केलेली बगझिला ही प्रणाली जरा कडक. इतरांच्या नोंदी बदलायला तिथे खास अधिकार लागतो, पण स्वतः कळवलेला दोष बंद करायला तो लागत नाही. आणि त्याच वेळी, दोष कोणत्या आवृत्तीपर्यंत दुरुस्त व्हावा हे लक्ष्य कळवणाऱ्याला बदलता येत नाही. गिटहबवरही ज्याने इश्यू उघडला तो स्वतःचा इश्यू बंद करू शकतो, त्या प्रकल्पात लिहिण्याचा अधिकार त्याच्याकडे नसला तरी. तीन प्रणाली, तीन वेगळे स्वभाव. पण या एका बाबतीत तिघींचा निर्णय सारखा आहे. बंद करण्याची मुभा नात्यातून येते: ही नोंद तुम्ही केली, म्हणून ती मिटवायचा हक्क तुमचा.

पैसे मोजून घेतलेल्या प्रणालींमध्ये हीच गोष्ट एका सेटिंगवर होते. झेंडेस्कमध्ये ग्राहकाला आपल्या विनंतीच्या पानावर ती सुटल्याची खूण करता येते. तिकीट कुणा एजंटकडे सोपवलेलं असणं एवढी अट आहे. 'सोडवलं' आणि 'बंद' या तिथे दोन वेगळ्या पायऱ्या. सोडवलेलं तिकीट सुरुवातीच्या मांडणीनुसार 4 दिवसांनी बंद होतं, हा काळ बदलता येतो, पण 28 दिवसांपुढे नेता येत नाही. सोडवलेलं तिकीट ग्राहकाच्या उत्तराने पुन्हा उघडतं. पूर्ण बंद झालेलं उघडत नाही, त्याचा पाठपुरावा म्हणून नवं तिकीट निघतं. जिरा सर्व्हिस मॅनेजमेंटमध्ये वर्कफ्लोच्या हव्या त्या टप्प्यावर 'ग्राहक पोर्टलवर दाखवा' अशी खूण करता येते. तो टप्पा ग्राहकाला बटण म्हणून दिसतो आणि बटणाचा मजकूरही आपणच ठरवतो. 'रिझॉल्व्ह धिस इश्यू' असं ठेवण्यापेक्षा 'माझा प्रश्न सुटला' असं लिहिलेलं केव्हाही बरं. याच ठिकाणी निकालाचं 'रिझोल्यूशन'ही ठरवून द्यावं लागतं. ते राहिलं तर ग्राहक तिकीट बंद करतो, त्याच्या पानावर बंद दिसतं, पण आपल्या अहवालात ते 'न सुटलेलं' म्हणूनच मोजलं जातं. आकडे जुळत नाहीत म्हणून डोकं धरून बसण्याची वेळ बऱ्याचदा यामुळेच येते.

या सोयीवर जे आक्षेप घेतले जातात ते हलके नाहीत. पहिला असा, की ग्राहक चुकून बंद करील. करील, नक्कीच करील. मोबाइलवर बोट लागेल, 'पाठवा'ऐवजी 'बंद करा' दाबलं जाईल. पण यावर बटण काढून घेणं हा इलाज नव्हे. बंद करणं परतवता येण्याजोगं ठेवणं हा इलाज आहे. बंद झाल्याबरोबर ग्राहकाला मेल जावी, आणि ठरावीक मुदतीत नुसतं उत्तर दिलं की तिकीट पुन्हा उघडेल असं त्या मेलमध्ये स्वच्छ लिहिलेलं असावं. गिटहबवर प्रकल्प सांभाळणाऱ्याने बंद केलेला इश्यू लेखकाला परत उघडता येत नाही. जाहीर प्रकल्पात फुकट राबणाऱ्या माणसांवर त्याच त्या वादाचा मारा होऊ नये म्हणून ते योग्यच आहे. पैसे देऊन सेवा घेणाऱ्या ग्राहकाला तो नियम लावू नये. तिकीट कुणीही बंद केलेलं असो, मुदतीत ते उघडायची मुभा त्याला असावी. ती असली की चुकीची किंमत एका मेलपुरती उरते.

दुसरा आक्षेप तांत्रिक बाजू सांभाळणाऱ्यांचा असतो: ग्राहकाने तिकीट बंद केलं तर मूळ कारण दडपलं जाईल. नेट आपोआप सुरू झालं म्हणून त्याने मिटवलं, पण स्विच खराब होता तो खराबच राहिला. हा मुद्दा खरा आहे, आणि त्याचं उत्तर दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्यात आहे. एका माणसाची अडचण ही एक नोंद, तिच्यामागचा बिघाड ही दुसरी. आयटीआयएलमध्ये पहिलीला 'इन्सिडंट' आणि दुसरीला 'प्रॉब्लेम' म्हणतात. ग्राहकाला बंद करायला मिळते ती पहिली. इंजिनिअरला बिघाडाचा संशय असेल तर त्याने आपली वेगळी नोंद उघडून ग्राहकाचं तिकीट तिला जोडावं. ती ग्राहकाच्या बटणाने हलणार नाही. शिवाय बंद करताना एक प्रश्न विचारता येतो: 'आमच्या उत्तराने सुटलं, आपोआप सुटलं, की आता गरज उरली नाही?' तीन पर्याय, एक टिचकी, आणि तेही सक्तीचं नको. 'आपोआप सुटलं' हे उत्तर एकाच शाखेतून वारंवार येऊ लागलं, तर दडलेला बिघाड उघड करणारी ती सगळ्यात स्वस्त खूण ठरते. म्हणजे ग्राहकाला बटण दिल्याने माहिती कमी न होता वाढते.

तिसरा आक्षेप सगळ्यात गंभीर आहे, आणि तो ग्राहकाच्या बाजूने येतो. बटण ग्राहकाच्या हाती आलं, की कर्मचारी त्याच्यावर दबाव आणतील. 'साहेब, तुमच्या बाजूने एवढं क्लोज करून टाका, नवं तिकीट उघडू,' असे फोन सुरू होतील, कारण मुदतीत बंद झालेल्या तिकिटांवर कर्मचाऱ्यांची कामगिरी मोजली जाते. ही भीती पोकळ नाही. पण बटण नसतानाही हाच खेळ चालतो. फक्त तेव्हा कर्मचारी स्वतःच बंद करतो. दबावावर उत्तर मोजमापात शोधावं लागतं. ग्राहकाने बंद केलेली, कर्मचाऱ्याने बंद केलेली आणि मुदत संपून बंद झालेली तिकिटं अहवालात वेगवेगळी दाखवावीत. बंद झाल्यावर आठवड्याभरात पुन्हा उघडलेली आणि त्याच विषयावर नव्याने आलेली तिकिटं मूळ तिकिटाच्या खात्यात मोजावीत. तसं केलं की ग्राहकाकडून घाईने बंद करवून घेण्यात कर्मचाऱ्याचा फायदा उरत नाही. कायद्याची बाजूही ध्यानात असू द्यावी. ग्राहक संरक्षण कायद्याखालच्या 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रारीची पोच 48 तासांत द्यावी लागते आणि निवारण एका महिन्यात करावं लागतं. ग्राहकाने आपल्या पोर्टलवरचं बटण दाबलं म्हणून ग्राहक आयोगाकडे जाण्याचा त्याचा हक्क जात नाही, आणि तो गेल्यासारखी भाषा बटणाखाली चुकूनही लिहू नये. केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स पोर्टलवरही तक्रार निकाली निघाल्यावर समाधान झालं नसेल तर अपील करता येतं. निकाली काढणं आणि दाद मागण्याची वाट बुजवणं, या दोन गोष्टी तिथेही वेगळ्याच आहेत.

काही तिकिटं या सोयीतून वगळावीत हे मात्र मान्य करायला हवं. अकाउंट हॅक झाल्याची शंका, ग्राहकांची माहिती बाहेर गेल्याची तक्रार, पैसे परत करण्याचा व्यवहार, छळाची किंवा गैरवर्तनाची तक्रार: अशा बाबतींत तक्रारदाराने माघार घेतली तरी संस्थेची जबाबदारी संपत नाही. कधी कधी ती माघारच तपासण्याजोगी असते. अशा रांगांमध्ये ग्राहकाला 'मी समाधानी आहे' एवढं नोंदवू द्यावं, आणि तिकीट जबाबदार अधिकाऱ्यानेच बंद करावं. एकाच तिकिटावर अनेक जण असतील, म्हणजे एकाने कळवलं आणि पाच जण सीसीमध्ये आहेत, तर बंद करण्याचा हक्क मूळ तक्रारदाराचाच ठेवावा. बाकीच्यांना बंद झाल्याची सूचना आणि उत्तर देऊन पुन्हा उघडण्याची मुभा पुरेशी आहे. हे अपवाद दोन-चार रांगांपुरते असतात. त्यांच्या नावाखाली बाकीच्या शंभर साध्या तिकिटांवरची सोय अडवून धरू नये.

सुरक्षिततेच्या बाबतीत दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे, तिकीट त्याच ग्राहकाचं आहे का, याची तपासणी फक्त पानावर करायची. ग्राहकाला त्याचीच तिकिटं दिसतात, पण पत्त्यातला क्रमांक बदलून विनंती पाठवली, तर सर्व्हर दुसऱ्याचंही तिकीट बंद करून टाकतो. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्पच्या 2021 च्या यादीत अधिकार-तपासणीतल्या या जातीच्या त्रुटी पहिल्या क्रमांकावर आहेत. म्हणून विनंती करणारा हाच तिकिटाचा मालक आहे का, हे दर वेळी सर्व्हरने तपासावं. दुसरी चूक मेलमधल्या दुव्याची. 'प्रश्न सुटला असेल तर इथे क्लिक करा' असा दुवा पाठवायचा आणि तो उघडताक्षणी तिकीट बंद करायचं, हे सोयीचं वाटतं. पण कंपन्यांच्या मेल-सुरक्षा प्रणाली आलेल्या मेलमधले दुवे धोकादायक आहेत का हे बघायला ते आपणहून उघडतात. ग्राहकाने मेल वाचायच्या आधीच तिकीट बंद होतं आणि कुणी बंद केलं ते कुणालाच कळत नाही. नुसतं पान मागवणाऱ्या विनंतीने सर्व्हरवर काही बदलू नये, हा वेबच्या मूळ प्रमाणांतलाच नियम आहे. दुव्याने फक्त खात्री विचारणारं पान उघडावं, आणि बंद करण्याचं काम त्या पानावरच्या बटणाने करावं.

या सगळ्यामागे एक जुनं तत्त्व आहे. जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी संगणकातल्या माहितीच्या संरक्षणावर 1975 मध्ये लिहिलेल्या निबंधात ते मांडलं: प्रत्येकाला त्याच्या कामापुरताच अधिकार द्यावा, त्याहून जास्त नाही. हे तत्त्व सहसा अधिकार नाकारण्यासाठी वापरलं जातं. पण त्याला दुसरी बाजूही आहे. कामापुरता अधिकार द्यायलाही हवा. तो छोटा करून देता येत नाही म्हणून अजिबातच न देणं ही सोय लावणाऱ्याची उणीव असते, सुरक्षितता नव्हे.

तुमच्याकडे ही सोय नसेल तर सुरुवात एका रांगेपासून करा. पासवर्ड, प्रिंटर, लॉगिन यांसारख्या रोजच्या अडचणींची रांग त्यासाठी चांगली. आधीच्या महिन्यात 'झालं', 'आता चालतंय', 'गरज नाही' अशा आशयाच्या किती मेल आल्या ते मोजून ठेवा. बंद करण्याच्या टप्प्यापुरता वेगळा अधिकार तयार करा, तो तक्रारदाराच्या भूमिकेला आणि कर्मचाऱ्यांच्या गटाला एकदमच द्या. मग एका साध्या ग्राहकाच्या खात्याने लॉगिन करून चार गोष्टी करून बघा: स्वतःचं तिकीट बंद होतं का, ते पुन्हा उघडतं का, दुसऱ्याचं तिकीट क्रमांक टाकून बंद करता येत नाही ना, आणि स्वतःच्या तिकिटाचं प्राधान्य बदलता येत नाही ना. पहिल्या दोन्हींचं उत्तर 'हो' आणि शेवटच्या दोन्हींचं 'नाही' आलं, की सोय खुली करा. बटणाचा मजकूर ग्राहकाच्या भाषेत ठेवा. ग्राहक मराठी असतील तर मराठीत. महिन्याभराने पुन्हा उघडलेल्या तिकिटांचा आकडा बघा. तो वाढला असेल तर बटणाची जागा आणि मजकूर सुधारा, बटण काढू नका. मग पुढच्या रांगेकडे वळा.

तक्रार उघडण्याइतका विश्वास ज्या ग्राहकावर आपण टाकतो, त्याच्यावर ती मिटवण्याइतका विश्वास टाकायला त्या एका टप्प्यापलीकडची कुठलीही परवानगी लागत नाही. तुमच्या सिस्टीममधलं ते सेटिंग याच आठवड्यात शोधा, आणि एका रांगेवर का होईना, चालू करा.